‘पूर्णपणे रिस्टोअर केलेली’ म्हणजे नक्की काय? बेंटले मार्क सिक्स घेण्याआधी करायची तपासणी

ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायला लागलं की ‘पूर्णपणे रिस्टोअर केलेली’ हे शब्द जागोजागी भेटतात. बॉडी चासीवरून, म्हणजे खालच्या पोलादी सांगाड्यावरून उतरवून, सडलेला पत्रा कापून, इंजिन खोलून नव्याने बांधलेल्या गाडीला हेच म्हणतात. गंजावर पुट्टी थापून वरून चकचकीत रंग मारलेल्या गाडीलाही हेच म्हणतात. फोटोत दोन्ही सारख्याच देखण्या. फरक कळतो तो घेतल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, रंगाला फुगे यायला लागल्यावर.

तपासणी कशी करायची हे मोघम सांगण्यात अर्थ नाही, म्हणून एकच गाडी धरतो: बेंटले मार्क सिक्स. महायुद्ध संपल्यावर बेंटलेची मालक असलेल्या रोल्स-रॉइसने इंग्लंडमधल्या क्रू इथल्या कारखान्यात १९४६ ते १९५२ या काळात ही गाडी बनवली. त्याआधी बेंटले म्हणजे फक्त चासी आणि इंजिन. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायची. मार्क सिक्सपासून कारखान्याने स्वतः तयार पोलादी बॉडीसह गाडी विकायला सुरुवात केली. पाच हजारांहून अधिक बनल्या, त्यामुळे आजही सुटे भाग मिळतात आणि या गाड्या कोळून प्यायलेले मेकॅनिकही सापडतात. तिच्यामागून आलेली आर टाइप आणि रोल्स-रॉइसची सिल्व्हर डॉन या दोघी तिच्या सख्ख्या बहिणी. खालचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं.

तपासणीला निघताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा: या गाडीवर पैसा कोणत्या क्रमाने खर्च झाला? ठेवायची म्हणून गाडी उभी करणारा माणूस आधी पत्रा आणि चासी, मग इंजिन-ब्रेक, मग वायरिंग आणि सर्वांत शेवटी रंग, क्रोम, चामडं असा जातो. विकायची म्हणून उभी करणारा नेमका उलटा जातो, आणि बहुधा निम्म्यावरच थांबतो.

पहिली पायरी: कागद, गाडी बघण्याआधी

विक्रेत्याकडून चासी नंबर फोनवरच मागून घ्या. मार्क सिक्सचा नंबर ‘बी’ने सुरू होतो, मग आकडा आणि शेवटी मालिकेची दोन अक्षरं. मालिकांमध्ये एक गंमत आहे. एका मालिकेत फक्त विषम आकडे, दुसरीत फक्त सम. पहिली ‘एजे’ मालिका विषम, ‘एके’ सम. आकडा आणि अक्षरं जुळत नसतील तर वाचताना चूक झाली आहे किंवा पाटी बदलली आहे. दोन्हींपैकी काय, ते गाडीजवळ जाऊन पाहायचंच.

प्रत्येक चासीचं कारखान्यातलं कार्ड असायचं: इंजिन नंबर, पहिला मालक, बॉडी कोणाची, रंग कोणता, गाडी कधी दिली. या नोंदी रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे आहेत. नॉर्दॅम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी गावातल्या हंट हाऊसमध्ये त्यांचं मुख्यालय आहे. पैसे भरून प्रत मिळते. ती मागवा आणि गाडी बघायला जाताना बरोबर ठेवा. इंजिन नंबर चासी नंबरासारखा नसतो, त्यामुळे ‘नंबर जुळतात’ या विक्रेत्याच्या वाक्याला कार्डाशिवाय किंमत नाही.

मग बिलं. एक गठ्ठा दाखवला म्हणून खूश होऊ नका, बिलं तारखांप्रमाणे लावा. रंगाचं बिल आधीचं आणि वेल्डिंगचं नंतरचं असेल तर विचारा की रंगवलेल्या गाडीवर वेल्डिंग का करावं लागलं. कामाचे फोटो हवेतच, आणि त्यात उघडा, रंग नसलेला पत्रा दिसायला हवा. दाराखालचा भाग, मागच्या चाकावरची कमान, डिकीची तळफळी यांचे फोटो नसतील, पण रंगवलेल्या बॉनेटचे पंचवीस असतील, तर काय ते समजून घ्या.

शेवटी नोंदणी क्रमांक टाकून एमओटीचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणाऱ्या ब्रिटनमधल्या वार्षिक चाचणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर पाहा. २००५ नंतरच्या नोंदी मिळतात. नापास होण्याची कारणं वाचण्यासारखी असतात आणि दर वर्षीचे मैलही दिसतात. रिस्टोअर झाल्यापासून गाडी वर्षाला वीस-तीस मैलच चालली असेल तर तो गुण समजू नका. नुसती उभी राहिलेली गाडी आतून बिघडते: ब्रेकचे सिलिंडर आखडतात, रबरं कडक होतात, पेट्रोल टाकीत शिळं होतं.

दुसरी पायरी: पत्रा

इथे घाई करू नका. मार्क सिक्सचं इंजिन दुरुस्त करता येतं, गिअरबॉक्स दुरुस्त करता येतो, चासी तर हत्तीचा भार पेलेल अशी भक्कम असते. गाड्या मेल्या त्या बॉडीमुळे. युद्धानंतर ब्रिटनमध्ये चांगल्या पोलादाची टंचाई होती, गंजरोधक प्रक्रिया आजच्या मानाने नावापुरती आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ दर वर्षीचं. चासी धडधाकट आणि बॉडीची चाळण, अशा कितीतरी मार्क सिक्सवर पुढे उघड्या दोन आसनी बॉड्या चढल्या. बाजारात ज्या ‘बेंटले स्पेशल’ म्हणून दिसतात त्यांचं मूळ हे.

कारखान्याच्या बॉडीत सुरुवात छतापासून करा. बहुतेक गाड्यांना सरकतं छत आहे आणि त्यात साचलेलं पाणी कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून खाली उतरतं. या नळ्या तुंबल्या किंवा फुटल्या की पाणी खांबांच्या आत झिरपतं आणि दाराखालच्या पत्र्यात जाऊन बसतं. बाहेरून काहीच दिसत नाही. विक्रेत्याच्या परवानगीने छत उघडून कोपऱ्यात कपभर पाणी ओता आणि ते जमिनीवर कुठे पडतं ते पाहा. चारही कोपऱ्यांतून सुटसुटीत खाली आलं तर उत्तम. एखाद्या कोपऱ्यातलं पाणी गेलं कुठे हेच कळलं नाही, तर ते गाडीच्या पोटात गेलं. विक्रेता या चाचणीला तयार नसेल तर तेही उत्तरच.

आता दारं. या बॉडीत पुढची दारं मागच्या बाजूने बिजागरीवर आहेत, म्हणजे पुढचं आणि मागचं अशा दोन्ही दारांचं ओझं मधल्या एकाच खांबावर येतं. दार उघडं ठेवून त्याचं मोकळं टोक दोन्ही हातांनी हळूच वर उचला. बिजागरीत खेळ असेल तर दुरुस्ती सोपी. पण दाराबरोबर खांबाचा पायथाच हलत असेल, तर खालचा पत्रा सडला आहे आणि वरचा रंग फक्त झाकण आहे. दार हलक्या हाताने ढकललं तरी ‘टक’ करून बसायला हवं. आपटावं लागत असेल तर बॉडी वाकलेली आहे.

लोहचुंबक न्या, पण तलम कापडात गुंडाळून. रंगाला ओरखडा पडला तर भांडण तुमचं. आधी छताच्या मध्यावर लावा, म्हणजे धड पत्र्यावर तो किती घट्ट धरतो ते हाताला कळेल. मग मागच्या चाकाच्या कमानीवर, मडगार्डच्या तळाशी, दाराच्या शेवटच्या चार बोटांवर फिरवा. जिथे पकड सैल होते तिथे खाली पुट्टी आहे. मात्र मूळ बॉडीतही काही सांधे शिसं भरून गुळगुळीत केलेले आहेत आणि शिशावरही चुंबक धरत नाही, तेव्हा सांध्याच्या रेषेवरची सैल पकड हा गुन्हा नव्हे. पत्र्याच्या मध्यावरची सैल पकड हा नक्कीच.

डिकीतला गालिचा उचलून तळ पाहा, सुट्या चाकाची जागा पाहा. मग गाडी रॅम्पवर चढवायला सांगा. विक्रेत्याकडे रॅम्प नसेल तर जवळच्या गॅरेजला अर्ध्या तासाचे पैसे द्या. इतका सार्थकी लागलेला खर्च या व्यवहारात दुसरा नसेल. खालून ताजा, जाड, काळा डांबरी थर दिसला तर सावध. चांगलं काम करणारा ते दाखवायला उत्सुक असतो, लपवायला नाही. बॉडी चासीला जिथे बोल्टने बसते ते आधार आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे चासीला अडकतात त्या जागा टॉर्चने नीट बघा.

कोचबिल्डरची बॉडी असेल, म्हणजे एच. जे. मलिनर, पार्क वॉर्ड, जेम्स यंग, हूपर यांच्यापैकी कुणाची, तर गणित वेगळं. तिथे बहुधा ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. तो तसा गंजत नाही, पण आतलं लाकूड कुजतं, आणि ते नव्याने घडवणारा कारागीर तासावर पैसे घेतो. अशा गाडीच्या तपासणीला या कामातला माणूस सोबत न्याच. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

तिसरी पायरी: थंड इंजिन

जाताना विक्रेत्याला बजावून सांगा, ‘मी येण्याआधी गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर नम्रपणे चहा मागा आणि थांबा.

इंजिन सहा सिलिंडरचं, आधी ४२५७ सीसीचं आणि १९५१ पासून ४५६६ सीसीचं. रचना जरा विचित्र: आत घेणारे व्हॉल्व्ह वर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली, बिडाच्या ब्लॉकच्या कडेला. कंपनी अश्वशक्ती जाहीर करत नसे, त्यामुळे त्या आकड्यावरून कुणी तुमच्यावर छाप पाडत असेल तर हसून सोडा.

किल्ली फिरवल्यावर आधी पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येते. कार्ब्युरेटर भरले की ती थांबली पाहिजे. टिकटिक चालूच राहिली तर पेट्रोल कुठेतरी गळतंय किंवा पंप हवा ओढतोय. मग सेल्फ मारा. सुरुवातीचा पांढरा धूर थंडीचा, तो विरतो. निळा धूर राहिला तर तेल जळतंय. काही इंजिनांत सिलिंडरच्या वरच्या भागाला कठीण क्रोमचा मुलामा होता. तो झिजला किंवा निघाला की सिलिंडरमध्ये लायनर, म्हणजे नवं आतलं नळकांडं, घालून घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते काम स्वस्त नाही.

नीट गरम होऊ द्या आणि काटे पाहत राहा. गरम इंजिनाला रस्त्यावरच्या वेगात तेलाचा दाब दर चौरस इंचाला २५ पाउंडांच्या आसपास दिसायला हवा. आधुनिक गाड्यांच्या सवयीने हा आकडा कमी वाटतो, पण या इंजिनाला तो बरोबर आहे. उभ्या गाडीत तो आणखी खाली जातो, त्यानेही घाबरू नका.

या इंजिनाचं खरं दुखणं पाण्याचं. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, पाचव्या-सहाव्या सिलिंडरभोवती वर्षानुवर्षांचा गंजाचा गाळ साचतो. पाणी तिथे पोचत नाही आणि धुराचे व्हॉल्व्ह जळतात. तापमानाचा काटा मात्र साळसूदपणे जागेवर असतो, कारण तो वेगळ्या जागचं पाणी मोजतो. म्हणून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत किती दाब तयार होतो ते, मोजून घ्या. सहा आकडे एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. मागचे दोन पडलेले असतील तर ब्लॉक आतून साफ करून व्हॉल्व्ह बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करा. ‘इंजिन रिबिल्ड केलं’ असं बिल असेल तर त्यात ब्लॉकची पाण्याची पोकळी साफ केल्याचा उल्लेख शोधा. नुसत्या रिंगा आणि बेअरिंगा बदलून त्याला रिबिल्ड म्हणणारेही आहेत.

चौथी पायरी: रस्त्यावर

उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या मार्क सिक्समध्ये गिअरचा दांडा चालकाच्या उजवीकडे, दाराजवळ असतो. पहिल्या दहा मिनिटांत तुमचा डावा हात हवेत काहीतरी शोधत राहील. पहिला गिअर गाडी थांबल्यावरच टाकायचा, त्याला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर खरखर न करता पाडणारी सोय, नाही. दुसरा, तिसरा, चौथा लोण्यासारखे पडले पाहिजेत. उतारावर तिसऱ्यात असताना ॲक्सिलरेटर सोडून पाहा, गिअर उडी मारून बाहेर येता कामा नये.

ब्रेक समजून घेतल्याशिवाय गाडी हलवू नका. पुढचे ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरचे, मागचे दांड्यांचे, आणि दोन्हींना जोर देणारा यांत्रिक सर्व्हो गिअरबॉक्सच्या फिरण्यावर चालतो. चाकं फिरत असतील तरच तो मदत करतो. त्यामुळे चालण्याच्या वेगात पेडल दाबलं की क्षणभर काही होत नाही आणि मग गाडी पकडते. हा दोष नाही, तिचा स्वभाव आहे. पण पार्किंगमध्ये भिंतीपाशी जाताना लक्षात ठेवा. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी तीस मैलांवर हलकं पेडल दाबा: गाडी सरळ रेषेत, दमदार थांबली पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर सर्व्होचं अस्तर झिजलं आहे, नाहीतर गिअरबॉक्सचं तेल सीलमधून त्यावर उतरलं आहे. रिव्हर्समध्येही तपासा, सर्व्हो दोन्ही दिशांना चालायला हवा.

स्टिअरिंगच्या मध्यावर एक छोटा दांडा असतो, मागचे शॉक ॲब्सॉर्बर कडक-मऊ करायचा. चालत्या गाडीत तो फिरवून खडबडीत रस्त्यावरून जा. फरक जाणवला तर यंत्रणा जिवंत आहे. कित्येक गाड्यांत ती कधीच निकामी झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो.

डॅशबोर्डखाली आणखी एक पेडल आहे. ते दाबलं की एकाच दमात पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना तेल पोचतं. दाबून सोडा आणि पाहा. ते सावकाश, दमादमाने वर यायला हवं. झटक्यात वर आलं तर टाकी रिकामी आहे किंवा नळी तुटली आहे. अजिबात येत नसेल तर नळ्या तुंबल्या आहेत, म्हणजे किंगपिन, पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या खिळी, किती वर्षं कोरडे चाललेत देव जाणे. पुढच्या चाकांपाशी जमिनीवर तेलाचे दोन-चार थेंब दिसले तर तोंड वाकडं करू नका, यंत्रणा काम करते आहे याची ती पावती.

पाचवी पायरी: आत

इथे भुलायला होतं, म्हणूनच शेवटी बघायचं. अक्रोडाचं व्हिनिअर नवं, चामडं नवं, गालिचे नवे, आणि गाडीत शिरताच येणारा तो वास. हे सगळं पैसे टाकले की होतं, आणि वरवरचं काम करणाऱ्याचा पैसा इथेच जातो. मी स्वतः जुनं, भेगाळलेलं पण मूळ चामडं असलेली गाडी नव्या चामड्याच्या गाडीवर निवडेन. गालिचा ओला आहे का तेवढं हाताने चाचपा, सगळी बटणं दाबा. कापडी वेष्टनाच्या जुन्या वायरी अजून असतील तर त्यांचं आतलं रबर ठिसूळ झालेलं असतं. वायरिंग बदलण्याचा खर्च धरा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दहा वर्षांवरचे टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचेच.

व्यवहार आणि त्यानंतर

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर माफ आहे, मात्र ऐतिहासिक वाहन म्हणून तशी नोंद करावी लागते. २० मे २०१८ पासून अशा गाड्यांना एमओटीही सक्तीची नाही, गेल्या तीस वर्षांत मोठे बदल केलेले नसतील तर. ‘सूट आहे’ म्हणून चाचणीच न केलेल्या गाड्या याच सवलतीमुळे बाजारात आल्या. सौदा ठरवताना ‘एमओटी करून द्या, मग पैसे’ ही अट घाला. शंभर पाउंडांच्या आतलं काम आहे, आणि खरा विक्रेता नाही म्हणणार नाही. विमा बाजारभावाचा न घेता आधी ठरवलेल्या किमतीचा घ्या. त्यासाठी गाडीचे फोटो आणि क्लबचं मूल्यांकनपत्र लागू शकतं.

गाडी घरी आल्यावर लगेच लांबचा प्रवास काढू नका. आधी सगळी तेलं, ब्रेकचं तेल आणि कूलंट बदलून घ्या. कूलंट ॲल्युमिनियमला चालणारंच हवं, नाहीतर हेड आतून खाल्लं जातं. पेट्रोल सुपर दर्जाचं भरा: २०२१ पासून तिथे साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं आहे आणि इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे खातं.

लंडन-बर्मिंगहॅमकडच्या मराठी मंडळींपैकी कुणाला ती पुण्या-मुंबईला आणायची हौस असेल तर वाट आता पूर्वीपेक्षा मोकळी आहे. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी आयात परवान्याशिवाय आणता येते. आयात शुल्क मात्र जबर असतं, ते कस्टम्सच्या दलालाकडून लेखी काढून घेतल्याशिवाय गाडी बोटीत चढवू नका. भारतात २०२१च्या नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर ५,००० रुपयांत नूतनीकरण. ती रोज ऑफिसला न्यायची नाही; प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. आणि आपल्याकडच्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं, म्हणून गाडी निघण्याआधीच पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं इथेनॉल सोसणारी बसवून घ्या. हे भाग ब्रिटनमध्ये सहज मिळतात. गाडीसोबत एकेक जास्तीचा संचही डिकीत टाका.